भावजींनी सरळ केलेलं वल्हं

विपुलने तीन वल्ही पुढ्यात मांडली आणि म्हणाला, "भावजी, तुमी मधलं घ्या." तिथेच सगळं बिघडलं. कारण धीरज तामोरेला कोणी 'हे घ्या' म्हटलं, की त्याचा हात आपोआप दुसऱ्या वस्तूकडे जातो. (बायकोचं, म्हणजे समिधाचं, स्थळ त्याला कोणी सुचवलं नव्हतं, म्हणूनच लग्न झालं, असं ती सांगते.)

धीरज सरावलीला राहतो आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. दिवसभर बाटल्यांची झाकणं उजेडात धरायची आणि 'पास' नाहीतर 'रिजेक्ट' म्हणायचं. ही सवय कंपनीच्या बसमधून त्याच्याबरोबर घरी येते. भाजीवालीची वांगी रिजेक्ट. दूधवाल्याच्या तर हसण्यातही पाणी. आणि मेहुणा विपुल? तो लग्नापासून 'होल्ड'वर.

या विपुलने कारखान्यातली नोकरी सोडून दांडी गावच्या खाडीत पर्यटकांसाठी कयाक, म्हणजे वल्ह्याच्या चिंचोळ्या होड्या, आणल्या होत्या. रविवारी उद्घाटन होतं. मान ताई-भावजींचा. दोघांनी एका कयाकमध्ये बसून खाडीत रोवलेल्या बांबूपर्यंत जायचं, समिधाने बांबूला हार घालून नारळ वाढवायचा आणि परत यायचं. हार-नारळाचं ताट तिच्या मांडीवर, म्हणजे वल्हवणार एकटा धीरज. तामोरे म्हणजे मच्छीमाराचं आडनाव, त्याला काय शिकवायचं, असं सासुरवाडीने धरून चाललेलं. आजोबांनंतर आपल्या घरात कोणी होडीला हात लावलेला नाही, हे धीरजनेही बोलून दाखवलं नाही.

"यातलं लाकडी जड हाय," विपुल समजावत होता. "मधल्याचा दांडा अॅल्युमिनियमचा, पाती प्लास्टिकची. नवीन माणसाला हेच बरं."

"आणि हे काळं?"

"ते कार्बनचं. एकच आणलंय. वजनाला काय पण नाय. पण भावजी, ते जरा..."

'जरा' ऐकताच धीरजने काळं वल्हं काखोटीला मारलं. चांगला माल मागे ठेवतोय लेकाचा!

घरी येऊन त्याने वल्ह्याचे दोन तुकडे जोडले, दोन टोकांना दोन पाती आली, ते हॉलमध्ये आडवं ठेवलं आणि त्याचा चेहरा उजळला. संशय खरा ठरल्यावर उजळतो तसा.

"समिधा! बाहेर ये. तुझ्या भावाचे प्रताप बघ."

समिधा कणकेच्या हातांनी आली. "काय झालं?"

"हे पातं जमिनीला टेकलंय आणि ते पातं उभं. दोन्ही एका रेषेत नाहीत. पिरगळलेला माल आहे. सेकंड पीस!"

"मग विपुलला फोन करा."

"ज्याने दिलं त्यालाच विचारू? तो म्हणणार, असंच असतं."

"असंच असलं तर?"

"हे बघ, उद्या कोणी एक चाक आडवं असलेली सायकल दिली, तर घेशील?"

समिधा परत पोळ्यांकडे गेली.

जोडावर एक बटण होतं. धीरजने ते आत दाबलं, दांडा फिरवत फिरवत दोन्ही पाती जमिनीला सपाट टेकवली, लेव्हलच्या बाटलीने तपासली आणि मेहुण्याने पुन्हा गडबड करू नये म्हणून जोडावर सगळीकडून एम-सील थापलं. पास! एवढं तपासलं, पण पाती चमच्यासारखी खोलगट असतात, हे काही त्याने पाहिलं नाही. आता एक चमचा उताणा होता आणि एक पालथा.

रविवारी अख्खी दांडी किनाऱ्यावर. लाइफ जॅकेट घालून समिधा पुढे बसली, नऊवारी सावरत, मांडीवर ताट. मागे धीरज. बँजो वाजला आणि कयाक निघाली.

उजवीकडे वल्हं मारलं की पाणी झकास धरत होतं. डावीकडे मारलं की पाणी निसटून जायचं. त्यामुळे बांबूच्या दिशेने निघालेली कयाक डावीकडे वळली, वळत राहिली आणि पुन्हा किनाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. लोकांना वाटलं, भावजी नमस्कार करायला वळले. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"अहो, बांबू तिकडे!"

"माहीत आहे. बोटीतच डिफेक्ट दिसतोय."

"कालपर्यंत वल्ह्यात होता ना?"

"दोन्हीत आहे! तुझ्या भावाने ठरवून केलंय."

दुसरी फेरी. बँजोवाल्यांनीही मग गोल गोल चाल धरली. किनाऱ्यावरून समिधाचे आत्माराममामा ओरडले, "जावयबापू, माशे नाय पकडायचे, फुडं जायचं हाय!"

तिसऱ्या फेरीत बांबू जरा जवळ आला. समिधाने हार घेऊन हात लांबवला, त्याच क्षणी धीरजने डावीकडे जिवाच्या आकांताने वल्हं मारलं. पातं सुळकन निसटलं, धीरज त्याच्यामागे गेला, कयाक त्याच्यामागे, आणि ताटासकट समिधाही.

"मेलो! धरा! मी बुडालो!" धीरज हातपाय झाडत राहिला.

समिधा मात्र उभी राहिली. ओहोटी होती. पाणी तिच्या कमरेला लागत होतं. तिने तरंगता नारळ उचलला, चालत जाऊन बांबूला हार घातला, बांबूवरच नारळ वाढवला आणि येताना नवऱ्याच्या जॅकेटचा पट्टा धरून त्याला ओढत किनाऱ्याला आणलं.

विपुलने वल्हं हातात घेऊन जोड पाहिला. "हे कोणी चिकटवलं?"

"पिरगळलेला माल दिला होतास. मी सरळ केला," धीरज नाकातलं पाणी काढत म्हणाला.

"अहो, ते मुद्दाम तसंच असतं! एक पातं पाण्यात असलं, की वरचं आडवं होऊन वारा कापतं. आणि तुमी तर एक पातं उलटंच बसवलंय. तेच सांगत होतो, ते जरा..." पुढचं त्याला हसण्यामुळे बोलता येईना.

धीरजचा यावरही विश्वास बसला नाही. पण ओल्या पँटीत वाद घालायला जोर येत नाही.

पुढच्या आठवड्यात तो जेवत असताना समिधाने कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेली विपुलची जाहिरात त्याच्यासमोर धरली. धीरजने ती उजेडात नेऊन दोनदा तपासली. चूक एकही नव्हती. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं: 'लहान मुलांसाठी खास भावजी राउंड! पूर्णपणे सुरक्षित. बोट कुठेही जात नाही.'