गणबाचा काळा समुद्र

गणबा चितारी भिंत आधी चाखायचा. ओलं बोट भिंतीवर फिरवून जिभेला लावायचं, की लगेच निकाल: "रुसकी माती हाय. रंग धरत नाही." मग घरमालकानं कितीही हात जोडले तरी स्वारी रंगांचे डबे उचलून घरी!

अमेरिकेत लढाई जुंपली होती, वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि अमरावतीत माड्या चढत होत्या. प्रत्येक माडीला चित्रं हवीत, आणि हात गणबासारखा दुसऱ्याचा नाही. खोड एकच. कैलास सांगा, मेळघाटचा डोंगर यायचा. लंका सांगा, भोवती कपाशी. विचारलं तर अंगावर यायचा, "जे पायलं तेच हाताले येते. काहून भांडता?"

मी तेव्हा एका पाटलांच्या कापसाच्या पेढीवर मुनीम होतो. मुंबईचा मोठा व्यापारी उतरायला येणार म्हणून पाटलांना बैठकीत समुद्र हवा होता. गणबाला मीच आणला, हे माझं नशीब.

समुद्र झाला काळाभोर. लाटा नांगराच्या तासांसारख्या सरळ, आणि काठानं बाभळीच बाभळी.

"हा समुद्र हाय का वावर?" पाटील कडाडले. "पावण्यानं नाही म्हटलं त चुना फासतो. अन् या गावात तुले पुन्हा भिंत भेटणार नाही!"

"फासा," गणबा म्हणाला.

पाहुणे आले. चुनेवाला कुंचला भिजवून तयारच होता. माझा जीव टांगणीला लागला. पाहुण्यांनी चित्र न्याहाळलं आणि खो खो हसत सुटले. "अहो, समुद्रावर बाभळी कुठल्या? तिथे माड असतात, माड!"

पाटलांनी चुनेवाल्याला खूण केली. आता गणबा भडकणार, म्हणून मी पुढे सरकलो. पण तो पाहुण्यांजवळ गेला आणि कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाला, "मालक, माडाले सावली असते का?"

"म्हणजे?"

"माहा पोरगा किसना कापसाच्या गाड्यांसंगं मुंबईले गेला. दोन पावसाळे झाले, वापस नाही आला. उन्हाचा बसत असंन कुठं थो?"

पाहुण्यांचं हसू मावळलं. पाटील भिंतीकडे बघत राहिले, मग चुनेवाल्याला हळूच म्हणाले, "ने ते चुन्याचं मडकं."

गणबाचं तिकडे लक्षच नव्हतं. तो पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होता.