नैसर्गिक वडील

मुलीच्या लग्नासाठी फोटोग्राफर निवडण्याकरिता दिवाणखान्यात सभा भरली. उपस्थित: वधू, आई आणि इतिवृत्त लिहायला आत्या. वडील चहा देऊन तिथेच उभे राहिले. त्यांना उपस्थित धरावं की नाही, यावर एकमत झालं नाही.

ठराव मात्र लगेच संमत झाला. फोटो नैसर्गिक शैलीत काढावेत. म्हणजे कुणी कॅमेऱ्याकडे पाहायचं नाही, रांगेत उभं राहायचं नाही, आणि आपल्याला कुणीच पाहत नाहीये अशा बेताने हसायचं.

फोटोग्राफर आला. त्याने अल्बम दाखवले नाहीत. उलट कुटुंबाचीच चाचणी घेतली.

"मी सरसकट कामं घेत नाही, काकू. आधी घर नैसर्गिक आहे का, ते बघतो."

आई ओट्याशी बऱ्यापैकी नैसर्गिक उभी राहिली. आत्या इतकी नैसर्गिक निघाली की तिला आवरावं लागलं. वडील नापास.

अहवाल. वडिलांचे एकूण फोटो अकरा. अकराही फोटोंत ते हात मांड्यांना चिकटवून थेट कॅमेऱ्याकडे पाहताना आढळले. पाठमोऱ्या फोटोतसुद्धा त्यांनी वळून पाहिलं.

"बाबा, तो इथे आहे हे विसरा ना जरा!"

"घरी आलेल्या माणसाला विसरू कसा?"

"अरे दादा, पोरगी चाललीय. मनात आण काहीतरी. रड."

"चाललीय कुठे? बसने दोन थांबे."

(हे वाक्य इतिवृत्तातून वगळावं असं आत्याने सुचवलं. वगळलं.)

पुढचे तीन आठवडे सराव. आई मोबाइल घेऊन दाराआडून अचानक बाहेर यायची. वडील दचकून ताठ व्हायचे. त्यांना खिडकीबाहेर बघायला शिकवलं, तर बाहेर कुणी कॅमेरा घेऊन उभं आहे का, ते बघू लागले. वर्तमानपत्र वाचतानाही ते मधूनच मान वर करून विचारत, "काढला?"

दुसरी चाचणी. फोटोग्राफरने डॉक्टरच्या आवाजात निकाल सांगितला. "काका माणूस म्हणून उत्तम आहेत. पण वडील म्हणून खरे वाटत नाहीत."

उपाय त्याच्याकडे होता. त्याच्या यादीत तीन वडील होते: एक दाढीवाले, एक हसता हसता डोळे पुसणारे, एक नुसतेच पाठमोरे. सभेला दाढीवाले पसंत पडले.

वधूने विचारलं, "पण मग बाबा कुठे असतील?"

"लग्नात असतीलच की, ताई. फक्त फोटोत नसतील."

"असं कसं? माझे बाबा..."

"दोन्ही होणार नाही. एक तर हे, नाहीतर शैली."

सगळ्यांनी वधूकडे पाहिलं. वधूने वडिलांकडे. वडील म्हणाले, "त्या गृहस्थांना माझा कोट बसेल का?"

बसला. ठराव संमत.

लग्नाच्या दिवशी वडिलांना कॅमेऱ्यामागे उभं केलं, कारण चौकटीत न येण्याची हमी देणारी ती एकच जागा होती. नुसतं उभं राहणं बरं दिसेना, म्हणून त्यांच्या हातात उजेड परतवायची पांढरी चकती दिली. निरोपाची वेळ आली. दाढीवाल्यांनी कोट सावरून वधूच्या खांद्यावर हात ठेवला. वधूने मान वर केली, तर समोर चकती थरथरत होती, आणि चकतीच्या वर वडिलांचे डोळे. तिचा बांधच फुटला.

"काका, हलू नका!" फोटोग्राफर ओरडला. "उजेड हलतोय!"

वडील हलले नाहीत. फोटो अप्रतिम आला.

तुम्ही तो पाहिलात. बदाम दिलात, खाली लिहिलंत, 'बापाचं काळीज!' लग्नालाही आला होतात. वधूच्या वडिलांना तुम्ही पंचवीस वर्षं ओळखता. आणि ऐन निरोपाच्या वेळी, मोबाइल उंच धरून, समोरच्या चकतीवाल्याच्या पाठीत बोट टोचत तुम्हीच म्हणालात, "ओ, जरा बाजूला व्हा. मुलीचे वडील दिसत नाहीयेत."