पाच मिनिटांची माणसं

"चिठ्ठी कोण काढतंय ते बघू नये, बबडे. चिठ्ठ्या कुणी लिहिल्यात ते बघावं," असं बाबा नेहमी म्हणायचे, आणि बबडी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची. तिला पायथॉनमध्ये संगणकाचे प्रोग्राम लिहिता येत होते. बाबांना मोबाइलवरचा फोटोसुद्धा धड मोठा करता येत नव्हता.

बाळ झाल्यापासून तिचं कुणाशी बोलणंच होत नव्हतं. म्हणून तिने एक छोटा प्रोग्राम लिहिला. हाताशी किती मिनिटं आहेत ते टाइप करायचं. पाच म्हटलं तर आटोपशीर बोलणाऱ्यांच्या यादीतून, तीस म्हटलं तर गप्पिष्टांच्या यादीतून संगणक कुठलंही एक नाव काढणार. त्याला फोन करायचा. ना कुणाचा रुसवा, ना फुगवा.

बाळाच्या झोपेचा काय भरवसा! ती रोज श्वास रोखून पाचच टाइप करायची. पाचच्या यादीत माणसं तीन: मावशी, वहिनी आणि चुलतभाऊ.

"अगं, परवाच तर बोललो," मावशी म्हणाली. "सगळं ठीक आहे ना?"

"हो गं, सहजच केला."

तो 'सहज'च मावशीला खटकला. तिने वहिनीला गाठलं.

"मलाही वन्सं सहजच फोन करतात," वहिनी कुजबुजली. "आणि घाईघाईने ठेवतात. बाजूला कुणी उभं असतं की काय?"

चुलतभावाने तर थेट बबडीच्या नवऱ्यालाच विचारलं, "दाजी, घरात काही वाजलंय का?" तो बिचारा दोन दिवस न सांगता भांडी घासत होता.

रविवारी दुपारी बेल वाजली. बाळ दचकून उठलं. दारात बाबा, हातात कपड्यांची पिशवी.

"काय झालंय ते सांगून टाक," ते चप्पल न काढताच म्हणाले. "दोन महिने सगळ्यांना फोन केलेस, फक्त मला नाही. म्हणजे प्रकरण मोठं आहे. म्हाताऱ्याला झेपणार नाही, असं वाटलं ना?"

बबडीने ओशाळून लॅपटॉप उघडला. बाबांनी चष्मा लावला.

"तीसच्या यादीत मी एकटाच?"

"तुमचं पाच मिनिटांत आटपतं का कधी?"

"मग एकाच नावाची चिठ्ठी काढायची कशाला?" ते हसले. मग बाळाला खांद्यावर घेत हळूच म्हणाले, "दुपारी फोन उशाशीच ठेवायचो मी."

बबडीला बिस्किटांचा डबा आठवला. शाळेत सोडायला आई की बाबा, याची रोज सकाळी त्यातून चिठ्ठी निघायची. तिचं नशीब असं थोर, की वर्षभर बाबाच निघाले. पुढे घर बदलताना तो डबा उलटा झाला, तर झाडून सगळ्या चिठ्ठ्यांवर 'बाबा'!

"तेव्हा तुम्ही लबाडी का करायचात हो?"

"शाळा पाच मिनिटांवर होती, बबडे. तुझ्या आईने पाच मिनिटांतच पोचवलं असतं. आपल्याला अर्धा तास लागायचा."

त्याच संध्याकाळी तिने प्रोग्राम बदलला. आता कुठलाही आकडा टाका, एकच नाव निघतं. आठवडाभर फोन नाही म्हणून मावशीचा जीव टांगणीला लागलाय, पण ते निस्तरता येईल.

तेवढं तुमच्या तीसच्या यादीत कुणी एकटं राहिलंय का, ते बघाल? बबडीचं एवढंच मागणं आहे. बाळ झोपलं असेल, तर आत्ताच बघा.