बॉयलरच्या तीन प्रदक्षिणा

“आधीच सांगून ठेवतो, हे तुम्हाला खरं वाटायचं नाही,” सावळीरामआबा बाकावर ऐसपैस बसत म्हणाले. “ह्या एवढ्याशा पिल्लानं गंगेवर साधूला प्रदक्षिणा घातल्या. तीन! आणि त्या दिवसापासून आमच्या घरात एक थेंब नाही.”

“कुत्र्यानं?” शेजारच्या भिकननं विचारलं.

“मग काय मी बोकडाचं सांगतोय?”

बाकाखाली ते काळं पिल्लू नाक पोटात खुपसून झोपलं होतं. पलीकडे ओट्यावर आबांची बायको पुतळाबाई मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. आता तीन प्रदक्षिणा झाल्या, एवढं अगदी खरं होतं. बाकीचं असं.

आबांनी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात चौतीस वर्षं बॉयलर सांभाळला. नळी कुठे गळते ते नुसत्या आवाजावरून सांगत. निवृत्त झाले, नाशिकरोडला तळमजल्यावर फ्लॅट घेतला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की जगात ऐकणारं कोणी उरलेलं नाही. “एकदा काय झालं, मोठा बॉयलर...” एवढं म्हटलं की भिकनला दूध आणायचं आठवे आणि पुतळाबाई मिक्सर सुरू करी.

अशात वरच्या मजल्यावरची तृप्ती एक पिल्लू घेऊन आली. टाकून दिलेली पिल्लं उचलून त्यांना घर शोधून द्यायचा तिला नाद. हे तिला पाइपात अडकलेलं सापडलं होतं. “दोन दिवस ठेवा, आबा,” असं म्हणून तिनं ते त्यांच्या मांडीवर ठेवलं. आबांनी त्याला मोठ्या बॉयलरची गोष्ट सांगायला घेतली. पिल्लानं कान उभे करून, डोळे न हलवता, ती शेवटपर्यंत ऐकली. निवृत्तीनंतरच्या बारा वर्षांत असं कोणी ऐकलं नव्हतं. गोष्ट संपली तेव्हा आबांचे डोळे ओले होते आणि लेंगाही.

“गळतंय,” आबा मायेनं म्हणाले, आणि पिल्लाचं नाव बॉयलर पडलं.

पण बॉयलर कुठेही गळे. पायपुसण्यावर, कपाटाखाली, एकदा तर पुतळाबाईच्या घडी घातलेल्या गोधडीवर. तृप्तीनं सांगितलं, “आबा, मारायचं नाही, ओरडायचं नाही. एक जागा ठरवा. रोज तीच जागा, तोच वास. बरोबर केलं की लगेच शाबासकी.”

वास म्हटल्यावर बॉयलरवाल्या आबांना राखेशिवाय दुसरं काय सुचणार? भिकनकडे अजून बंबात पाणी तापे. त्याच्याकडून राख आणली, घमेल्यात पसरली आणि घमेलं मागच्या गॅलरीत ठेवलं. चार दिवसांत बॉयलर शिकला. आधी राखेभोवती तीन फेऱ्या, मग नाक खाली, शेपटी वर, मग बैठक. आबा टाळ्या वाजवत आणि बिस्किट देत. सकाळच्या तिरप्या उन्हात ती बारीक राख उडे, हवेतच रेंगाळे, आणि चहाचा कप हातात धरून आबा तिच्याकडे पाहत राहत. त्या धुरकट सोन्यात त्यांना जुना बॉयलर दिसे, पाळी संपवून सायकलीवर निघालेले सोबती दिसत, सगळे तरुण, सगळे हसणारे. चहा गार होई.

चूक एवढीच झाली की पिल्लू जागा शिकलं नव्हतं. ते राख शिकलं होतं.

शुक्रवारी पुतळाबाई पूजेला बसली. उदबत्तीची राख खाली पडली. बॉयलर आला, आणि देवघरापुढं त्यानं तीन फेऱ्या मारल्या.

“अगं बाई, देवाभोवती फिरतंय!” ती कौतुकानं म्हणाली. पुढचं कौतुक करण्यासारखं नव्हतं.

शनिवारी तिसऱ्या घरातल्या अक्काबाई अंगणात पितळेची कळशी राखेनं घासत बसल्या होत्या. त्या फोन घ्यायला आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा कळशी भरलेली नव्हती, पण रिकामीही नव्हती.

“झालं!” पुतळाबाई म्हणाली. “आता माझं ऐका. सोमवारी आपण गंगेवर जाऊ. तवर ह्यानं परत कुठं घाण केली, तर आल्यावर पिल्लू तृप्तीकडं. मला आता लय झालं.”

“अगं, लहान हाय ते.”

“लहान हाय म्हणूनच म्हणते. दुसरीकडं तरी रुळंल.”

आबांनी उदबत्ती बंद केली, राख फेकली, घमेलं धुतलं. आता बॉयलरला जायचं कुठे ते कळेना. रविवारभर ते त्याला मातीवर, गवतावर फिरवत राहिले. तो केविलवाणा होऊन त्यांच्या तोंडाकडे बघे. सगळं पोटात धरून ठेवलेलं.

सोमवारी त्याला घरात एकटं ठेवायची सोय नव्हती. आबांनी त्याला पिशवीत घातलं, रिक्षा केली आणि नवरा-बायको गंगेवर गेले. गोदावरीवर पांढरं धुकं अंथरलं होतं. घंटा कुठल्या देवळातली ते कळत नव्हतं, पाण्यातूनच वाजल्यासारखी येत होती. पायऱ्यांवर एक साधू डोळे मिटून बसला होता. जटांपासून पायाच्या नखापर्यंत अंगभर राख. धुक्यात तो राखेचाच केल्यासारखा दिसत होता.

पिशवीतून नाक बाहेर आलं. मग बॉयलर अख्खाच बाहेर आला.

पहिली फेरी.

“ए, ते बघा!” कोणीतरी म्हणालं. “पिल्लू प्रदक्षिणा घालतंय!”

दुसरी फेरी. बायका थांबल्या, हात जोडले गेले, मोबाइल वर झाले. पुतळाबाईनं डोळ्याला पदर लावला. “अहो, बघा की! मुक्या जिवाला कळतं, आन् मी त्याला हाकलायला निघाले होते!”

त्या गर्दीत एकट्या आबांना ठाऊक होतं की तिसऱ्या फेरीनंतर काय असतं. उचलावं, तर आधीपासून भरलेली टाकी तिथंच फुटणार. न उचलावं, तर साधू, गर्दी, मोबाइल आणि संध्याकाळी तृप्तीचं दार. पुन्हा ती रिकामी मांडी, पुन्हा मिक्सर.

तिसरी फेरी पूर्ण झाली. नाक खाली गेलं. आबांनी “महाराऽऽज!” अशी आरोळी ठोकली आणि पिल्लू व साधू यांच्यामधल्या तेवढ्याशा जागेत साष्टांग नमस्कार घातला. जागा इतकी कमी होती की बॉयलर त्यांच्या पाठीवरच चढला. तिथंही साधूच्या राखेचा वास येतच होता. दोन दिवसांचं ऊबदार पाणी आबांच्या पाठीवर सावकाश पसरत गेलं. गर्दीला दिसलं ते इतकंच की म्हातारा लोटांगणात आहे आणि त्याच्या पाठीवर पिल्लू शांत बसलंय.

साधूनं एकच डोळा किंचित उघडला. “बचा लिया, बाबा,” तो इतक्या हळू म्हणाला की आबांना पुढे कधी खात्री वाटली नाही, तो बोलला की धुकंच बोललं. डोळा मिटला.

आबा उठले ते थेट पायऱ्या उतरून पाण्यात गेले. पण गुडघाभर पाण्यात पोचले तोच मागून पुतळाबाईनं हात धरला. “पुरं, सर्दी होईल. चला घरी.” रिक्षात तिनं बॉयलरला स्वतःच्या मांडीवर घेतलं होतं.

“तर असं,” बाकावर आबा समेवर आले. “प्रदक्षिणा झाल्या, त्यानं साधूच्या पायांवर डोकं ठेवलं, मग आम्ही दोघांनी गंगेत बुडी मारली. तीन बुड्या! मी चिंब, हे चिंब. ती बुडी मारल्यापासून घरात थेंब नाही, बाहेर गवतावर जातं बिचारं. विचारा हिला, ही होती तिथं.”

भिकननं आणि एव्हाना गोष्ट ऐकायला येऊन बसलेल्या अक्काबाईंनी ओट्याकडं पाहिलं. पुतळाबाईनं मेथीची शेवटची काडी मोडली. बॉयलर उठून तिच्या पायाशी जाऊन बसला होता.

“गवतावर मी नेते त्याला, रोज पहाटं,” ती म्हणाली. “आन् बुडी मारली म्हणता, तर सदरा नुसता पाठीवरच कसा ओला होता? मीच धुतला ना तो. गंगेच्या पाण्याला असला वास येतो होय?”