धूमकेतू आणि आभारप्रदर्शन

आकाश सर्वांचं असलं, तरी ते पाहायला कार्यकारिणीचा ठराव लागतो, हे खगोलशास्त्राचं मूलतत्त्व आहे. आमच्या मस्कतच्या मराठी मंडळाला ते २०१३ साली उमगलं आणि खगोल उपसमिती स्थापन झाली. दुर्बीण त्यानंतर आली. मी उपसमितीचा अध्यक्ष. (पात्रता : माझ्या गाडीची डिकी मोठी आहे.)

मार्चमधल्या एका गुरुवारी मस्कतपासून दोनेक तासांवर, इब्रा गावाच्या पुढे, उघड्या माळावर पहिलं निरीक्षण ठरलं. पत्रिकेवर तिघे होते : एक क्वेसार, गुरूचा एक चंद्र आणि एक धूमकेतू. क्वेसार म्हणजे काय हे उपसमितीत कोणालाच ठाऊक नसल्यामुळे त्याचं नाव सर्वानुमते पहिलं छापलं. गुरूच्या चार ठळक चंद्रांपैकी कोणता घ्यावा यावर मतदान झालं आणि युरोपा विजयी झाला.

राहता राहिला धूमकेतू. सूर्यास्तानंतर जेमतेम अर्धा तास तो डोंगराच्या माथ्यावर दिसणार होता, आणि तो खरोखर पाहायचा होता फक्त माझ्या सासूबाईंना, प्रभावतीबाईंना. शहाऐंशी सालचा धूमकेतू त्यांचा घरातल्या आजारपणात हुकला होता. "जावईबापू, एवढा एक दाखवा," असं त्या म्हणाल्या. लग्नापासून त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट. दुसऱ्या दिवशी त्यांचं परतीचं विमान होतं. मी शब्द दिला.

क्वेसारचा प्रकाश दोनेकशे कोटी वर्षांपूर्वी निघून वेळेवर पोहोचत होता. प्रमुख पाहुणे मस्कतमधल्याच रूवीहून निघाले होते, ते सूर्य बुडाल्यावर पोहोचले. त्यांच्याशिवाय सुरू करणं अर्थातच बरं दिसलं नसतं. माळावर वारा असल्याने दीपप्रज्वलन चार वेळा झालं. व्हिडिओत चेहरे नीट यावेत म्हणून हॅलोजन लावले. मग सत्कार.

शरीफभाई मूळचे दापोलीचे, इब्रात त्यांचं दुकान. सतरंज्या आणि जनरेटर त्यांनीच दिले होते. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, सूर्य गेला. आता बघून घ्या, नाय तर खलास."

मी लगेच त्यांनाही शाल घातली. (शाल घातलेला माणूस सहसा पुन्हा बोलत नाही.)

"अहो, आवरा ना! आई कधीची उभी आहे," बायकोने, प्रेमाने, मागून हाक दिली.

"एवढं आभारप्रदर्शन होऊ दे," मी म्हणालो. आणि आभारप्रदर्शन मीच करत होतो. पाहुण्यांचे मानले, जनरेटरचे मानले, समोसे तळणाऱ्या भगिनींचे नावानिशी मानले. शेवटी, भावनेच्या भरात, खुद्द धूमकेतूचे मानले. टाळ्या कडाडल्या. तो तेव्हा डोंगराआड गेला होता.

पहिला मान सासूबाईंचा. त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला. दुर्बिणीत डोंगर होता, अतिशय सुस्पष्ट. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग वळल्या, मागची साठेक माणसं पाहिली, माझा चेहरा पाहिला.

"दिसला हो, जावईबापू," त्या मोठ्याने म्हणाल्या. "छान आहे."

चारचौघांत जावयाचा मान राहावा म्हणून ती बाई खोटं बोलली. मला इतकी लाज वाटली की दुसरा समोसा मी परत ताटात ठेवला.

त्यांनी पाहिला म्हटल्यावर मागच्या साठेक जणांनाही तो दिसला. दोघांना शेपटीसकट दिसला. निरीक्षण शंभर टक्के यशस्वी ठरलं. युरोपा कोणता ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि क्वेसार पुरेसा वर येईपर्यंत थांबलो असतो तर पुलाव गार झाला असता. दुसऱ्या दिवशी विमानतळावर सासूबाईंनी मला वाकून नमस्कार करू दिला आणि धूमकेतूचा विषय काढला नाही.

तुम्ही हसताय, हसा. फक्त एक सांगा : तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं काय बघायचं राहून गेलंय, हे तुम्ही कधी विचारलंय? नसेल विचारलं, तर संकोच करू नका. आमच्या उपसमितीत एक जागा रिकामी आहे, आणि तुम्ही सर्वानुमते निवडून याल.