आज संपणारा किराणा

"किराण्याचं माझ्यावर सोडा!" तारीखराव छाती फुगवून म्हणाले, तेव्हाच खरं तर कुणीतरी त्यांच्या हातातली यादी काढून घ्यायला हवी होती. पण घेणार कोण? बायकोला सुट्टीत तरी स्वयंपाकघराचा विचार नको होता. अकरा वर्षांच्या चिमीला करमणुकीच्या पार्कातल्या पाळण्यांपलीकडे काही दिसत नव्हतं. आणि आक्का, म्हणजे तारीखरावांची थोरली बहीण, हसून म्हणाली, "करू दे गं त्याला. तेवढंच डोकं गुंतून राहील."

तारीखराव हे नाव अर्थातच आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. ते एका मोठ्या इस्पितळात औषधांच्या भांडाराचे प्रमुख होते, आणि बावीस वर्षांत तिथली एकही गोळी मुदत उलटून वाया गेली नव्हती. नियम एकच. ज्याची तारीख आधी संपते, ते आधी बाहेर. नवा माल मागे, जुना पुढे, आणि हात घालायचा तो पुढच्यालाच! या एका नियमावर त्यांनी नोकरी केली, संसार केला, आणि घरी टूथपेस्टच्या तीन ट्यूब तारखेप्रमाणे ओळीत उभ्या केल्या. सहकाऱ्यांनी मग दुसरं नाव तरी काय ठेवायचं?

आता सहलीचं कारण सांगतो. ते मात्र हसण्यासारखं नाही. महिन्यापूर्वी आक्काच्या पोटात काहीतरी सापडलं होतं. सोमवारपासून उपचार सुरू व्हायचे होते. डॉक्टरांनी तारीखरावांना बाजूला घेऊन, रोजच्या ओळखीतल्या माणसाला सांगतात तसं स्पष्टच सांगितलं, "उपचार आपण करूच. पण त्यांचं काही करायचं राहिलं असेल, तर आधी उरकून घ्या." हे आक्काला कुणीही सांगितलं नव्हतं. तिला ते सांगायची गरजही नव्हती.

आक्का एका अठरा मजली इमारतीत लिफ्ट चालवायची. आईवडील गेल्यावर धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी म्हणून ती जी लिफ्टमध्ये शिरली, ती तीस वर्षांनी, गेल्याच महिन्यात बाहेर आली. काय राहिलंय करायचं, असं भावानं घाबरत घाबरत विचारलं, तर पटकन म्हणाली, "मला पडायचंय."

"काय?"

"अरे, त्या पार्कात उंच मनोरा आहे ना? माणसांना वर नेतात आणि देतात सोडून! तीस वर्षं लिफ्ट पडू नये म्हणून जीव मुठीत धरून बसले. एकदा पडून बघते कसं वाटतं ते."

म्हणून पार्काला अगदी लागून असलेलं एक घर भाड्यानं घेतलं. शुक्रवार, शनिवार, रविवार. आक्काला बाहेरचं खाणं बंद होतं, म्हणून स्वयंपाकघर असलेलं घर, आणि म्हणून किराणा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मनोरा पायापासून शेंड्यापर्यंत दिसायचा. दर सात मिनिटांनी वीस-पंचवीस माणसं एकदम किंचाळायची आणि मग गप्प व्हायची. आक्का पोचल्या पोचल्या त्या खिडकीशी जाऊन उभी राहिली ती हलेना!

शुक्रवारी दुपारी तारीखरावांनी सगळ्यांना गाडीत बसवलं. "अर्ध्या तासात किराणा, की तिथून सरळ मनोरा!" असं म्हणून ते एका मोठ्या दुकानात शिरले. हातात फळीला लावलेली यादी, खिशाला दोन पेनं, नाकावर चष्मा. दुधाच्या कपाटापाशी एक बाई कोपरापर्यंत हात घालून मागची पिशवी ओढत होती.

"ओ बाई! पुढची घ्या ना!"

"पुढचीची तारीख उद्याची आहे."

"म्हणूनच म्हणतोय! तुम्ही नाही घेतलीत तर ती मरेल!"

"मरू दे की! माझी कोण लागते ती?"

बाई मागची पिशवी घेऊन निघून गेली. तारीखरावांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. शहाणी माणसं दुकानात मागून माल काढतात, हे तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. पण तारीखरावांच्या लेखी ती शुद्ध चोरी होती! त्यांनी पुढच्या सगळ्या पिशव्या आपल्या ढकलगाडीत घेतल्या. मग दही. पुढचं. मग ब्रेड, चीज, अंडी, सगळं पुढचं. आज मरणारं, उद्या मरणारं, जे जे सापडलं ते त्यांनी पोटाशी धरलं. एवढ्यावरच थांबते तरी बरं होतं. पण नव्याच्या मागे जुना ठेवलेला त्यांना बघवेना, म्हणून ते कपाटच लावायला बसले. तोंडानं एकेक तारीख मोठ्यानं वाचत!

दुकानाचा मॅनेजर धावत आला. त्यानं फळी पाहिली, पेनं पाहिली, चष्मा पाहिला, आणि त्याचा रंगच उडाला.

"साहेब, येणार म्हणून आधी कळवायचंत तरी..."

"कळवायचं कशाला? माल काय कळवून मरतो?"

"नाही साहेब."

"मागे किती आहे असं?"

"थोडंसंच आहे साहेब. दाखवतो."

थोडंसं म्हणजे अख्खी खोली होती! तारीखरावांनी बाह्या सरसावल्या. दोन तास ते सांगत होते, आणि मॅनेजर घाम पुसत खोकी हलवत होता. बाहेर गाडीत बायको, चिमी आणि आक्का पाव तासात संपणारा पत्त्यांचा डाव सातव्यांदा खेळत होत्या. शेवटी मॅनेजरनं दोन मोठे क्रेट स्वतःच्या हातानं गाडीत चढवले. पैसे घ्यायला काही तयार होईना.

"साहेब, हे सगळं आज-उद्याचंच आहे. तुम्हीच काय ते योग्य करा. आणि लिहू नका काही."

तपासायला आलेल्या साहेबाचं तोंड बंद झालं, असं मॅनेजरला वाटलं. जगात आपल्या विचारांचा निदान एक तरी माणूस आहे, असं तारीखरावांना वाटलं. दोघांनी डोळे भरून एकमेकांचा निरोप घेतला.

घरी येईपर्यंत पार्क बंद झालं होतं. "असू दे, उद्या जाऊ," आक्का म्हणाली.

शनिवारी सकाळी फ्रिजवर वेळापत्रक लागलेलं होतं. आठ ते नऊ दही, नऊ ते दहा अंडी, दहा ते अकरा दूध आणि ब्रेड, पुढे पालक. अंडी छत्तीस होती. दह्याचे डबे बावीस. दुधाबद्दल न बोललेलंच बरं.

"अहो, फेकून द्या ना!" बायको म्हणाली.

"फेकून?" चिमीला फेकून द्या असं कुणी सांगितल्यासारखं त्यांनी बायकोकडे पाहिलं. "आज रात्रीपर्यंत ते उत्तम आहे! चांगलं अन्न काय म्हणून फेकायचं?"

"मग आज मरणारं आज खाऊ, उद्याचं सोडा."

"आजचं खाईपर्यंत उद्याच्याचं आज होतं, त्याचं काय?"

बायकोनं कपाळाला हात लावला. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आणि अशा वेळी दह्याचा डबा उघडणं हेच सोपं, हे तिला ठाऊक होतं.

खाऊन झाल्यावर तरी निघायचं! पण घरमालकानं दारावर पार्काचे नियम चिकटवले होते, आणि त्यात लिहिलं होतं की जेवणानंतर दोन तास मनोऱ्यात बसू नये. छापील नियम मोडणं तारीखरावांच्या रक्तात नव्हतं. दह्यानंतर दोन तास थांबायचं, तर मध्ये अंडी यायची. अंड्यांनंतर दोन तास थांबायचं, तर दूध. असा हिशेब केला तर माणूस मनोऱ्यापाशी पोचणार कधी?

"बाबा, आपण कधी जायचं?" चिमीनं विचारलं.

"चीज संपलं की."

"मग मी नाही खाणार चीज!"

"मग उद्या जाऊ."

चिमीनं रडत रडत चीज खाल्लं.

दुपारी त्यांनी शेजारच्या घरी दह्याचे आठ डबे नेले. दारात एक धट्टाकट्टा गृहस्थ उभा राहिला. तारीखराव प्रामाणिक माणूस. त्यांनी आधीच सांगून टाकलं, "घ्या, फुकट आहे. फक्त संध्याकाळच्या आत संपवा. नंतर काही झालं तर मी जबाबदार नाही."

"काय होईल नंतर?"

"ते माणसामाणसावर अवलंबून आहे."

डबे न घेताच दार बंद झालं. आतून कडी घातल्याचा आवाज आला, आणि मग त्या घराच्या सगळ्या खिडक्याही एकेक करून बंद झाल्या.

संध्याकाळी बायको आणि चिमी पोटं धरून पडल्या होत्या. आक्काला भूक नव्हतीच. चार चमचे दही घेऊन ती खिडकीशी खुर्ची टाकून बसली होती. मनोऱ्यातली माणसं किंचाळली की ती खुर्चीच्या हातांना घट्ट धरायची, आणि माणसं गप्प झाली की सोडायची. तारीखराव स्वयंपाकघरात अंडी सोलत होते. खिडकीकडे त्यांनी दिवसभरात एकदाही पाहिलं नव्हतं.

"ती लिफ्ट आज बहात्तर वेळा पडली," आक्का म्हणाली. "एकदाही मध्ये अडकली नाही. चांगली राखलीये हो."

"उद्या नक्की," तारीखराव अंड्याला म्हणाले.

रविवारी सकाळी ते उठले तेव्हा आक्का बूट घालून, केस विंचरून, पर्स मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात बसलेली होती. तारीखरावांनी फ्रिज उघडला. दह्याचे चौदा डबे त्यांच्याकडे टकामका बघत होते.

"आक्का, एवढं दही आटपू, दोन तास थांबू, आणि साडेअकराला..."

"बाळ्या, इकडे बघ."

बाळ्या या नावानं त्यांना हाक मारणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं. त्यांनी बघितलं.

"तुझ्या भांडारात सगळ्यात आधी काय बाहेर काढतात?"

"ज्याची तारीख जवळ आलीये ते," सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं.

"मग मला काढ."

खिडकीबाहेर दिवसाची पहिली खेप किंचाळत खाली आली. तारीखराव डबा हातात धरून तसेच उभे राहिले. खरं सांगायचं तर त्यांना मनोऱ्याकडे जायचंच नव्हतं. मनोरा झाला की रविवार संपणार होता, आणि रविवार संपला की सोमवार. बावीस वर्षं त्यांनी एकेक गोळी मुदतीआधी वाचवली होती, आणि इथे त्यांच्या हातात काहीच नव्हतं. दही तरी वाचवता येत होतं! हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. आक्कानं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"रडायचं तर रांगेत रड. वेळ जाईल," ती म्हणाली.

मनोऱ्याच्या दारात एक राखणदार उभा होता. त्यानं पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. हृदयविकार, रक्तदाब, शस्त्रक्रिया, मोठा आजार असलेल्यांना प्रवेश नाही.

"बाईंना काही आजार?"

तारीखरावांनी जन्मात खोटी नोंद केली नव्हती. आक्का दुसरीकडेच बघत होती.

"छे! आजार? तिला साधं पडसं होत नाही!" ते इतक्या जोरात म्हणाले की राखणदार दोन पावलं मागे सरला.

"आणि तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीये!"

बायको आणि चिमी खाली उभ्या राहिल्या. बहीण-भाऊ शेजारी शेजारी बसले, दांडे खाली आले, आणि पाळणा वर निघाला. एवढ्या उंचीवर सगळे गप्प होतात. आक्का सोडून!

"ऐकलंस? कुरकुरतंय. तेल घालत नाहीत वाटतं."

"आक्का, गप्प बस!"

"आणि तुझा दांडा नीट बसलेला नाही, बघ जरा."

"आक्का!"

वर पोचल्यावर ती खरोखर गप्प झाली. खाली घरं, रस्ते, गाड्या सगळं काडेपेटीएवढं दिसत होतं. तिनं भावाचा हात धरला.

"बरं झालं आणलंस," ती म्हणाली.

आणि सोडलं!

त्या दिवशी त्या खेपेला एकच माणूस किंचाळलं असं लोक म्हणतात, इतका त्याचा आवाज मोठा होता. तारीखराव खाली आले ते दांडा धरूनच. हात सोडवायला दोन माणसं लागली. उठून चार पावलं चालले, कठड्याला धरून वाकले, आणि शुक्रवारपासून वाचवलेलं सगळं त्यांनी पार्काला परत केलं.

प्रथमोपचाराच्या खोलीत नर्सनं त्यांना पलंगावर आडवं केलं आणि नाडी धरली.

"काय आजार आहे यांना?"

"आजार कसला?" आक्का म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते, केस वाऱ्यानं उभे राहिले होते. "किराणा खाल्लाय."

"किती?"

"दोन क्रेट."

नर्सनं तारीखरावांकडे पाहिलं आणि तपासणीच्या कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं. आक्कानं भावाच्या कपाळावरचा ओला रुमाल उलटा करून ठेवला, पर्स खांद्याला लावली आणि खिडकीतून बाहेर डोकावली.

"बाळ्या, तू पड जरा. रांग लहान दिसतेय. मी आणखी एकदा पडून येते!"

ती गेली. जाताना चिमीलाही घेऊन गेली.

नर्स तिच्याकडे कौतुकानं बघत राहिली. "तुमच्या मोठ्या बहीण ना या? काय तब्येत ठेवलीये हो! त्यांचं काही बघायला नको. तुम्हीच जरा जपा आता."

"जपतो," तारीखराव म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.