प्रत्येक स्टॉपला थांबणारे भंतेजी

ताडकळस ते पूर्णा रस्त्यावर एक भंतेजी पायी चालतात आणि प्रत्येक एसटी स्टॉपला थांबतात. बस पकडायला नव्हे. निवारा आला की डावीकडं सरतात, मिनिटभर उभे राहतात, मागंपुढं बघतात आणि निघतात. कंडक्टरची घंटी तेवढी वाजायची राहते. चीवर अंगावर घेण्याआधी ते एसटीचे ड्रायव्हर होते. त्यांच्यामागं चालून चालून या रस्त्याची गुरंसुद्धा आता स्टॉपला थांबतात. एक म्हैस तर निवाऱ्यातल्या बाकावर चढून बसली होती. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा.

मी गावोगाव बियाणं विकत फिरतो. मार्चातल्या एका सकाळी त्यांना मोटारसायकलवर घेतलं. दोन्ही बाजूंच्या शेतांत हळद शिजत होती. तिची ऊनऊन वाफ रस्त्यावर अशी पसरलेली, की आपण पूर्णेला निघालो नसून कुणाच्या तरी झोपेतून चाललोय असं वाटावं. मागं भंतेजी, मांडीवर झाकलेलं भिक्षापात्र.

"थांबा भाऊ, स्टॉप आला."

थांबलो. निवाऱ्यात एक कुत्रं होतं. त्यानं डोळा उघडला, कुणी उतरत नाही हे पाहून मिटला.

"भंतेजी, बाराच्या आत जेवावं लागतं ना तुमाला? असं थांबत गेलो तर उपाशी राहाल की!"

"राहू. बारानंतर पाणी चालतंय."

"वाटेत कुठं मागून घ्या."

"मागता येत न्हाई. कुणी हातानं पात्रात वाढलं तरच खायचं."

"मग स्टॉप तरी सोडा!"

"सगळ्याच स्टॉपला थांबलं म्हंजे कुण्या एका स्टॉपचा मोह राहात न्हाई," ते म्हणाले. पण माझ्या खांद्यावरून ते माझ्या घड्याळात डोकावत होते.

विमानालाही मागं टाकणाऱ्या माझ्या गाडीची नेमकी तेव्हाच चेन पडली. मी नुसताच शिव्या देत होतो. भंतेजींनीच उकिडवं बसून, बोटं काळी करून ती चढवली. तोवर सावल्या पायाखाली गेल्या होत्या.

पुढच्या स्टॉपला लिंबाखाली एक म्हातारी फडकं घेऊन उभी. तिनं भंतेजींच्या पायांपुढं डोकं टेकलं. "वंदामि भंते." मग फडक्याची गाठ सोडता सोडता पुटपुटली, "लय येळ केला रे, दिग्या." आणि जीभ चावली. "म्हंजे... भंते."

अस्सं! आई होती तर.

भाकरी उचललेला तिचा हात हवेतच थांबला. "बारा वाजले का ओ, भाऊ?"

घड्याळाचे दोन्ही काटे बारावर भेटून कधीच एकमेकांना सोडून गेले होते. "छे! लय येळ हाय अजून!" मी ठोकून दिलं.

भंतेजींनी पायाखाली पाहिलं. पात्रावर झाकण ठेवलं. "वाजले, उपासिके. पाणी द्या."

तिनं तांब्या ओतला. ओंजळीतलं पाणी ते सावकाश, घास खावा तसं प्याले. मग म्हणाले, "या भाऊंना भूक लागली आसंल."

तिनं भाकरी माझ्या हातावर ठेवली. वर पिठलं, कांदा. "सावकाश खा बाबा. वाळलास किती." माझं पोट शर्टाची बटणं तोडायला निघालेलं. पण ती माझ्याकडं बघतच नव्हती.

"मीठ बरं हाय का?" तिनं विचारलं.

घास माझ्या तोंडात होता. मान भंतेजींनी हलवली.